दाभोळचे वीस वर्षांचे बिल आणि तारापूरचे तीनशे वर्षांचे

दाभोळच्या धक्क्यावरून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत बसले की वाशिष्ठी नदीची रुंद खाडी ओलांडता येते. मागे दापोली तालुक्यातील दाभोळ गाव राहते. बहमनी आणि आदिलशाही काळात हे दख्खनचे एक मोठे बंदर होते. समोर गुहागर तालुका. तिथे खाडीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड आहे आणि त्याच परिसरात अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या जमिनीवर उभा असलेला वीज प्रकल्प आहे. हा प्रकल्प दाभोळच्या समोरच्या तीरावर असला तरी जगभर तो ‘दाभोळ प्रकल्प’ म्हणूनच गाजला.

या लेखाचा विषय आहे अणुकचऱ्याच्या विल्हेवाटीचा दीर्घकालीन खर्च. तेव्हा वाचक विचारतील, दाभोळचा प्रकल्प तर नाफ्था आणि नैसर्गिक वायूवर चालणारा, तिथे अणुकचरा कुठला? शंका रास्त आहे. तिथे अणुकचरा नाही. पण पुढील अनेक वर्षांच्या खर्चाचा अंदाज आज कसा करतात, तो कसा चुकतो आणि चुकला की भुर्दंड कोणाला पडतो, याचा धडा महाराष्ट्राने याच खाडीच्या काठावर घेतला आहे. म्हणून आम्ही सुरुवात इथून करतो आणि मग उत्तरेला तारापूरकडे वळतो.

वीस वर्षांचा अंदाज

एन्रॉन या अमेरिकन कंपनीने महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी पहिला समझोता केला तो जून १९९२ मध्ये. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. त्याची मुदत वीस वर्षांची होती. कराराच्या वेळी विजेचा दर युनिटमागे सुमारे दोन रुपये चाळीस पैसे पडेल असे सांगण्यात येत होते. जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाच्या आर्थिक व्यवहार्यतेबद्दल शंका घेऊन कर्ज द्यायला नकार दिला होता. ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य शासनाने करार रद्द केला, पुढे फेरवाटाघाटी होऊन तो नव्या रूपात मान्य झाला आणि मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला.

दोन वर्षांच्या आत काही महिन्यांचा दर युनिटमागे सात रुपयांच्या पुढे गेला. असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. वीजदराचे दोन भाग होते. एक भाग इंधनाचा. नाफ्थ्याचा भाव वाढला तसा तो वाढला. दुसरा भाग स्थिर आकाराचा. मंडळाने वीज घेतली किंवा न घेतली, प्रकल्प ठरलेल्या क्षमतेने वीज द्यायला तयार असला की हा आकार द्यावाच लागे, आणि तो डॉलरशी बांधलेला होता. १९९३ मध्ये एका डॉलरला एकतीस-बत्तीस रुपये पडत. २००१ मध्ये सुमारे सत्तेचाळीस पडू लागले. शिवाय विजेची मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही. वीज कमी घेतली, स्थिर आकार मात्र तेवढाच राहिला. साहजिकच तो थोड्या युनिटांवर वाटला गेला आणि प्रत्येक युनिट महाग झाले.

मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत निघाली. प्रकल्प पाच वर्षे बंद पडून होता. २००५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्या आणि बँका यांच्या पैशावर रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन झाली आणि २००६ मध्ये प्रकल्प पुन्हा सुरू करण्यात आला.

इथे तंत्रज्ञानात चूक नव्हती. वायूवर चालणारी चक्की कशी फिरते, हे सर्वांना ठाऊक होते. चुकले ते इंधनाचा भाव, रुपयाची किंमत, मागणी आणि करार करणाऱ्या कंपनीचे आयुष्य या चार गोष्टींचे गृहीत. यातली एकही गोष्ट अभियंत्याच्या हातातली नव्हती. आणि हा अंदाज केवळ वीस वर्षांचा होता. त्यातली आठ वर्षेही नीट गेली नाहीत.

तारापूर: वीज थांबली तरी बिल चालू

आता तारापूरकडे जाऊ. पालघर जिल्ह्यातील समुद्रकाठच्या या केंद्रात देशातील पहिल्या दोन व्यापारी अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने त्या बांधून दिल्या. दोन्ही भट्ट्यांची मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट होती. पुढे ती १६० मेगावॉट करण्यात आली. २०२० मध्ये त्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या गेल्या, तोवर त्यांनी पन्नास वर्षे काम केले होते. पहिल्या पिढीच्या भट्ट्यांसाठी ही कामगिरी निश्चितच मोठी आहे.

पण अणुवीज केंद्राचे एक वेगळेपण आहे. कोळशाची भट्टी विझवली की ती थंड होते आणि लोखंड भंगारात विकता येते. अणुभट्टी थांबवली तरी तिच्या आतले वापरलेले इंधन तापतच राहते आणि किरणोत्सर्ग सोडतच राहते. वीज देण्याचे थांबते, खर्च थांबत नाही.

हा खर्च किती काळ चालतो? शाळेत शिकवल्या जाणाऱ्या अर्धायुष्याच्या नियमावरून याचे उत्तर मिळते. किरणोत्सारी पदार्थाचा निम्मा भाग विघटित व्हायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. दहा अर्धायुष्ये उलटली की मूळ पदार्थाचा १०२४ वा भाग उरतो. वापरलेल्या इंधनातील सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे आणि स्ट्रॉन्शियम-९० चे सुमारे २९ वर्षे. म्हणजे या दोघांसाठी आपल्याला जवळजवळ तीनशे वर्षे थांबावे लागते. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य मात्र २४,१०० वर्षांचे आहे. त्याची दहा अर्धायुष्ये म्हणजे दोन लाख चाळीस हजार वर्षे. माणूस शेती करू लागला त्याला अजून पंधरा हजार वर्षेही झालेली नाहीत.

भारताने यावर एक निश्चित मार्ग निवडला आहे. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करून त्यातील युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढायचे आणि ते पुन्हा इंधन म्हणून वापरायचे. उरतो तो अतितीव्र किरणोत्सारी द्रव. त्याचे आकारमान लहान असते. तो वितळलेल्या बोरोसिलिकेट काचेत मिसळून पोलादी डब्यांत थिजवतात. या काचीकरणाचा देशातील पहिला प्रकल्प तारापूर येथेच उभा राहिला. काचेचे हे डबे स्वतःच्या उष्णतेने तापत असल्याने ते आधी काही दशके हवेने थंड होणाऱ्या कोठारात ठेवावे लागतात. त्यानंतर ते जमिनीत खोल खडकात कायमचे पुरावेत, अशी योजना आहे. खडक तापवला असता त्याचे काय होते, हे पाहण्याचे प्रयोग कोलार सोन्याच्या खाणीच्या वापरात नसलेल्या भागात, सुमारे एक हजार मीटर खोलीवर, पूर्वी करण्यात आले होते. मात्र देशात असे कायमचे भूगर्भ-कोठार अजून बांधले गेलेले नाही.

या मार्गाचा फायदा असा, की काचेत प्लुटोनियम फारच थोडे उरते. अमेरिशियमसारखी इतर काही दीर्घायुषी मूलद्रव्ये त्यात असतातच, पण मोठा भार सीझियम आणि स्ट्रॉन्शियमचा असतो. लाखो वर्षांचा प्रश्न बऱ्याच अंशी काही शतकांवर येतो. या लेखात आम्ही तीनशे वर्षांचा हिशेब धरला आहे, तो यामुळे. हा हिशेब कमीत कमी आहे, हे लक्षात ठेवावे.

बिलाचे तीन भाग

‘अणुकचऱ्याचा खर्च’ असा एकच आकडा वर्तमानपत्रात येतो तेव्हा गोंधळ होतो. खरे तर त्यात तीन वेगळे खर्च असतात.

पहिला, भट्टी मोडीत काढण्याचा. इमारती धुऊन स्वच्छ करणे, दूषित लोखंड व काँक्रीट कापून बाहेर काढणे, जागा मोकळी करणे. हे काम कष्टाचे आहे, पण त्याचा अंदाज बऱ्यापैकी करता येतो. अमेरिकेतील मेन यांकी हे केंद्र १९९७ मध्ये बंद झाले आणि २००५ पर्यंत त्याची जागा मोकळी झाली.

दुसरा, साठवणीचा आणि पहाऱ्याचा. मेन यांकीची भट्टी गेली, पण तिचे वापरलेले इंधन न्यायला कोणी आले नाही. ते पोलाद व काँक्रीटच्या पिंपांत त्याच जागी ठेवलेले आहे आणि केवळ त्याच्या राखणीवर दर वर्षी सुमारे एक कोटी डॉलर खर्च होतात. हा पहारा किती वर्षे चालणार, हे न ठरल्यामुळे खर्चाची बेरीजही ठरत नाही.

तिसरा, कायमच्या विल्हेवाटीचा. इथे अंदाज सर्वांत जास्त हलतो. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील युक्का पर्वताखाली कोठार बांधण्याचा खर्च २००१ मध्ये सुमारे साडेसत्तावन्न अब्ज डॉलर धरला होता. २००८ मध्ये तो शहाण्णव अब्जांवर गेला. पुढे शासनाने त्यातून अंग काढून घेतले आणि काम थांबले.

तारापूरला दुसऱ्या भागाचा अनुभव फार लवकर आला. १९६३ च्या करारानुसार इंधन अमेरिकेकडून येणार होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर संबंध बिघडले आणि १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला. इंधनपुरवठा थांबला, तो पुढे फ्रान्सने केला. दरम्यान वापरलेल्या अमेरिकी इंधनावर पुनर्प्रक्रिया करायला अमेरिका संमती देईना आणि ते परतही नेईना. ते तारापूरच्या पाण्याच्या कुंडांतच राहिले. कुंडांतील मांडण्या अधिक दाटीने रचाव्या लागल्या, पुढे साठवणीसाठी वेगळी इमारत उभारावी लागली. १९६३ च्या हिशेबात या खर्चाला जागा नव्हती. असणार तरी कशी? तो किरणोत्सर्गातून आलेला नव्हता, राजकारणातून आलेला होता.

हिशेब आधी का झाला नाही?

जगात अणुकचऱ्याचा पहिला मोठा साठा वीज तयार करताना झाला नाही, तो बॉम्ब तयार करताना झाला. अमेरिकेतील हॅनफर्ड येथे १९४३ पासून युद्धाच्या घाईत प्लुटोनियमचे कारखाने उभे राहिले. त्यांतील जहाल द्रव जमिनीखालच्या टाक्यांत ओतला गेला. टाक्या तात्पुरत्या मानल्या होत्या. अशा १७७ टाक्या आहेत, त्यांतील १४९ एकाच कवचाच्या, आणि अनेकांतून गळती झाली. ही सगळी जागा स्वच्छ करण्यास लागणाऱ्या खर्चाचा अमेरिकी ऊर्जा विभागाने २०१९ मध्ये दिलेला अंदाज ३२३ ते ६७७ अब्ज डॉलर असा आहे. वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून मोठा!

ब्रिटनमध्ये सेलाफिल्ड येथे तेच झाले. तिथल्या जुन्या कोठारांत कचरा आत टाकण्याची सोय होती, तो पुन्हा बाहेर काढण्याची सोय कोणी केली नव्हती. २०२४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सेलाफिल्डच्या सफाईचा खर्च १३६ अब्ज पौंड असल्याचे नोंदवले. काम २१२५ पर्यंत चालेल असा अंदाज आहे. २०१९ च्या तुलनेत हा आकडा, महागाई वगळूनही, जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी वाढला होता.

म्हणजे ज्यांनी कचरा निर्माण केला त्यांना त्या क्षणी दुसरी निकड होती. आधी युद्धाची, मग विजेची. सफाई पुढच्या पिढीवर सोडून देणे त्यांना सोपे गेले. यात दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. घराघरांत हेच घडते. छताची गळती पावसाळ्यानंतर बघू, असे म्हणणारे आपणही असतोच.

वटावाची किमया

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. पुढच्या काळातील खर्च आजच्या रुपयांत मांडण्यासाठी अर्थतज्ज्ञ ‘वटाव’ लावतात. कल्पना साधी आहे. आज बँकेत ठेवलेली रक्कम चक्रवाढ व्याजाने वाढते. म्हणून पुढे लागणाऱ्या मोठ्या रकमेसाठी आज थोडीच रक्कम बाजूला ठेवली तरी पुरते. ती थोडी रक्कम म्हणजे त्या खर्चाचे आजचे मूल्य.

समजा, शंभर वर्षांनी १०० कोटी रुपये खर्च येणार आहे. आज किती ठेवावे लागतील? व्याजाचा दर १ टक्का धरला तर सुमारे ३७ कोटी. ३ टक्के धरला तर ५ कोटी २० लाख. ५ टक्के धरला तर ७६ लाख. ७ टक्के धरला तर साडेअकरा लाख. खर्च तोच, वर्षे तीच. केवळ दर बदलल्याने आजचा आकडा तीनशेपटींहून अधिक बदलला.

आता हाच खर्च तीनशे वर्षांनी येणार आहे असे धरू. ५ टक्के दराने आज ठेवायची रक्कम किती येते? विद्यार्थ्यांकडून गणित करून घ्यावे. उत्तर आहे सुमारे ४४० रुपये. शंभर कोटींचा खर्च आज एका माणसाच्या दिवसभराच्या मजुरीएवढा दिसतो! कागदावर हे गणित पूर्ण बरोबर आहे. त्यात बेरीज-गुणाकाराची चूक नाही.

ही शंका केवळ वर्गातल्या गणितापुरती नाही. ब्रिटनमधील जुन्या अणुकेंद्रांच्या सफाईची जबाबदारी २००५ पासून एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे आहे. मार्च २०२२ च्या ताळेबंदात या जबाबदारीचे आजचे मूल्य सुमारे २३७ अब्ज पौंड दाखवले होते. एका वर्षाने, मार्च २०२३ मध्ये, ते सुमारे १२४ अब्ज झाले. त्या वर्षात कचरा निम्मा झाला नव्हता. शासनाने ठरवून दिलेला वटावाचा दर बदलला होता, इतकेच. त्याआधी दर महागाईहूनही खाली, म्हणजे उणे, धरला जात होता. त्यामुळे आजचे मूल्य वटाव न लावलेल्या खर्चाहूनही मोठे दिसत होते.

मग वटाव ही लबाडी आहे का? नाही. पण तिला एक अट आहे. ती रक्कम आज खरोखर बाजूला ठेवली पाहिजे, ती त्या दराने खरोखर वाढली पाहिजे, आणि तीनशे वर्षे कोणी तिला हात लावता कामा नये. यातील एकही अट मोडली, तर ४४० रुपयांचे शंभर कोटी होत नाहीत, ते ४४० च राहतात. आणि कदाचित तेही राहत नाहीत.

पैसे ठेवणारे तीन देश

अमेरिकेने १९८२ मध्ये कायदा करून अणुविजेच्या प्रत्येक युनिटमागे सेंटचा दहावा भाग वसूल करायला सुरुवात केली. त्या बदल्यात शासन ३१ जानेवारी १९९८ पासून वापरलेले इंधन ताब्यात घेणार होते. निधी अब्जावधी डॉलरचा झाला, पण कोठार झाले नाही. वीज कंपन्या न्यायालयात गेल्या. शासनाला दहा अब्ज डॉलरहून अधिक नुकसानभरपाई करदात्यांच्या पैशातून द्यावी लागली, आणि २०१४ मध्ये ही वसुली थांबवण्यात आली. पैसा होता, जागा नव्हती.

फिनलंडने वेगळा नियम केला. तिथला निधी १९८८ पासून आहे. आज सगळ्या भट्ट्या बंद पडल्या तर आतापर्यंत साठलेल्या कचऱ्याची विल्हेवाट लावायला किती लागेल, हा हिशेब ठरावीक काळाने नव्याने केला जातो. अंदाज वाढला तर कंपन्यांना फरक भरावा लागतो. म्हणजे अंदाज चुकणार हे तिथे आधीच मान्य केले आहे, आणि चूक दर वेळी थोडी थोडी दुरुस्त होते. ओल्किलुओटो येथे चारशे मीटरहून अधिक खोल खडकात त्यांचे कोठारही बांधले गेले आहे.

भारतात भट्ट्या मोडीत काढण्यासाठी वीजदरातून युनिटमागे दोन पैसे वेगळे काढण्याची पद्धत ठरवण्यात आली. तारापूरच्या दोन जुन्या भट्ट्यांचे उदाहरण घेऊन हे किती होतात ते पाहू. दोन्ही मिळून ३२० मेगावॉट, वर्षभर सरासरी ७५ टक्के क्षमतेने चालल्या, तर सुमारे २१० कोटी युनिटे होतात. दोन पैशांप्रमाणे वर्षाला ४ कोटी २० लाख रुपये. तीस वर्षांत व्याजाशिवाय १२६ कोटी. ५ टक्के व्याज धरले तर सुमारे २८० कोटी. हा आमचा केवळ नमुन्याचा हिशेब आहे. पण त्यातून एक गोष्ट लगेच दिसते. दोन पैसे हा आकडा महागाईबरोबर वाढत नसेल, तर निधी वाढतो त्याहून वेगाने कामगारांची मजुरी आणि यंत्रांची किंमत वाढू शकते. शिवाय हे दोन पैसे भट्टी मोडण्यासाठी आहेत. वर सांगितलेल्या तीन भागांपैकी तो पहिलाच भाग आहे. साठवण आणि कायमची विल्हेवाट यांचा भार शेवटी शासनाकडे, म्हणजे करदात्यांकडे राहतो.

खाडीने पाहिलेली तीनशे वर्षे

पुन्हा दाभोळच्या खाडीकडे येऊ. तीनशे वर्षे हा शब्द बोलायला सोपा आहे. तो काळ कसा असतो, ते या खाडीला विचारावे.

पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन याच बंदरातून परतीच्या जहाजात बसला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज सेनापती अल्मेदा याने दाभोळ जाळले. बंदर पुन्हा उभे राहिले. सतराव्या शतकात हा मुलूख आदिलशाहीतून शिवाजी महाराजांकडे आला. बरोबर तीनशे वर्षांपूर्वी, म्हणजे १७२० च्या दशकात, समोरचा अंजनवेलचा किल्ला जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता. पुढे तो तुळाजी आंग्रे यांनी घेतला, मग पेशव्यांकडे गेला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या कंपनीकडे. १८५८ मध्ये कंपनी जाऊन राणीचे राज्य आले. १९४७ मध्ये स्वातंत्र्य, १९६० मध्ये महाराष्ट्र.

आता कल्पना करा, की सिद्दीच्या अमदानीत कोणी शहाण्या माणसाने अंजनवेलच्या किल्ल्यात एक धोकादायक पेटी पुरली आणि तिच्या राखणीसाठी निधी ठेवला. तो निधी कोणत्या नाण्यात ठेवणार? त्याआधीच्या शतकात कोकणच्या बंदरांत चालणारी, चांदीच्या तारेची लारी कोणाला आज आठवते? आंग्र्यांनी किल्ला घेतला तेव्हा निधी सुटला असता का? पेशव्यांच्या दप्तरातून इंग्रजांच्या दप्तरात पेटीची नोंद गेली असती का? मोडी लिपीतील सूचना आज किती जणांना वाचता आली असती? यापैकी एकाही सत्तेला आपण अल्पायुषी आहोत असे वाटत नव्हते. एन्रॉनलाही वाटत नव्हते.

म्हणून आम्हाला असे वाटते, की अणुकचऱ्याच्या खर्चाचा अंदाज करताना सर्वांत कच्चे गृहीत किरणोत्सर्गाविषयी नसते. सीझियम आपले अर्धायुष्य बदलत नाही. ते वचनाला पक्के आहे. कच्चे गृहीत आपल्याविषयी असते. आपले चलन, आपल्या संस्था, आपल्या नोंदी आणि आपली शब्द पाळण्याची सवय तितकी टिकेल, हे ते गृहीत. काच आणि खोल खडक यांचा आग्रह शास्त्रज्ञ धरतात, तो यामुळेच. माणसाचा पहारा जितका कमी काळ लागेल तितके बरे.

जैतापूरच्या निमित्ताने

हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्याला परका नाही. दाभोळच्या दक्षिणेला, राजापूर तालुक्यातील माडबन येथे प्रत्येकी १७३० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्यांचा जैतापूर प्रकल्प योजला आहे. डिसेंबर २०१० मध्ये त्यासाठी फ्रेंच कंपनीशी प्राथमिक करार झाला. एप्रिल २०११ मध्ये विरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर वाटाघाटी वर्षानुवर्षे चालत राहिल्या.

अणुवीज हवी की नको, हे सांगणे या लेखाचे काम नाही. कोळशाच्या राखेचा आणि धुराचा खर्चही आपण विजेच्या बिलात धरत नाही, हे विसरता कामा नये. हिशेब मागायचा तर सर्वांकडून मागावा. पण कोणत्याही प्रकल्पाच्या दराचा आकडा समोर आला, की शिक्षकांनी विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारायला शिकवावे. या आकड्यात सफाईचे कोणते भाग धरले आहेत? वटावाचा दर किती धरला, आणि तो एक टक्क्याने कमी केला तर आकडा किती होतो? पैसे खरोखर वेगळे ठेवले आहेत का, आणि अंदाज पुन्हा कधी तपासणार? आणि अंदाज चुकला तर फरक कोण भरणार?

दाभोळच्या करारात चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले होते. फरक वीज मंडळ भरणार होते, म्हणजे आपण. ते आपण सही झाल्यावर वाचले.

नववी-दहावीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकवताना वरची शंभर कोटींची उदाहरणे फळ्यावर मांडून पाहावीत. १, ३, ५ आणि ७ टक्के असे चार स्तंभ, आणि ५०, १००, २०० व ३०० वर्षे अशा चार ओळी. सोळा चौकटी मुलांनीच भराव्यात. मग शेवटच्या ओळीतल्या रकमा कोणाच्या हाती द्याव्यात, असे त्यांना विचारावे. त्या चर्चेत गणिताचा, इतिहासाचा आणि नागरिकशास्त्राचा तास एकत्र होतो. आमच्या अनुभवाने सांगतो, घंटा झाली तरी मुले उठत नाहीत.